फर्लोवरून उशिरा आलेल्या कैद्याची केस कोर्टात मिटते कशी?

नमस्कार मंडळी. येरवडा जेलच्या बाहेर मुलाखतीसाठी थांबलेल्या लोकांकडून एक प्रश्न मला हमखास येतो, की साहेब, आमचा माणूस आत शिक्षा भोगतोच आहे, मग आता ही नवीन केस कसली आणि शिवाजीनगर कोर्टाची तारीख कसली? तर आज तेवढंच बोलू.

कैद्यानं नियम मोडला की दोन रस्ते असतात. एक जेलच्या आतला, सुपरिटेंडेंटचा. १८९४ च्या कारागृह कायद्यात कलम ४५ मध्ये जेलचे गुन्हे दिलेत, मारामारी, काम टाळणं, बंदी असलेली वस्तू जवळ ठेवणं वगैरे, आणि कलम ४६ मध्ये त्याच्या शिक्षा, म्हणजे ताकीद, माफी (शिक्षेत मिळणारी सूट) कापणं असं. हे सगळं हिस्ट्री टिकटवर, म्हणजे कैद्याच्या जेलमधल्या नोंदीच्या कागदावर, चढतं. आता सुपरिटेंडेंटला वाटलं की हा गडी परत परत तेच करतोय आणि माझ्या हातातली शिक्षा याला पुरत नाही, तर कलम ५२ खाली तो प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे पाठवू शकतो, आणि तिथे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, तीही चालू शिक्षेच्या वर. पण त्याच कलमात असंही लिहिलंय की एकाच गुन्ह्याची शिक्षा दोनदा द्यायची नाही. त्यामुळे वकिलानं पहिलं काम काय करायचं, तर हिस्ट्री टिकटची नक्कल मागवायची आणि याच भानगडीसाठी आत आधीच काही शिक्षा झाली आहे का ते बघायचं. हे बरेच जण बघतच नाहीत, राग येतो खरं सांगू तर.

दुसरा रस्ता म्हणजे सरळ पोलीस स्टेशनला गुन्हा. सगळ्यात जास्त विचारतात ते रजेवरून परत न आल्याबद्दल. फर्लो म्हणजे संचित रजा, पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. ठरलेल्या तारखेला माणूस गेटवर हजर झाला नाही की जेलकडून पोलिसांना कळवलं जातं आणि एफआयआर होतो. पूर्वी भादंविचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, कलम २२४ लागायचं, १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं २६२. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि जामीनपात्र आहे. कोविडमध्ये, मे २०२० नंतर, राज्यानं आपत्कालीन पॅरोल दिला होता तेव्हा ४५ दिवसांची रजा पुढे तीस-तीस दिवसांनी वाढत गेली, लोकांना कळेना नक्की कधी परत जायचं, आणि नंतर कित्येकांवर हेच २२४ लागलं.

आता कोर्टात काय होतं ते नीट ऐका. दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा म्हणजे समन्स केस, त्यात मोठा चार्ज, म्हणजे दोषारोप, वगैरे फ्रेम होत नाही. कैद्याला बऱ्याचदा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, उभं करतात, इकडे कोर्टात स्क्रीन, तिकडे जेलमध्ये एक खोली आणि मागे शिपाई, आवाज मधेच तुटतो. जज साहेब गुन्हा थोडक्यात सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? आणि आपला माणूस, ज्याला वाटतंय की आत तर आहेच, एकदाचं मिटवून टाकू, तो म्हणतो "हो साहेब, कबूल". रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, प्ली म्हणजे ही कबुली लिहिली गेली, झालं, पाच-दहा मिनिटांत केस संपली. केस समरी, म्हणजे झटपट, पद्धतीनं चालवली असेल तर तीन महिन्यांच्या वर कैद देता येत नाही, म्हणून हलकं वाटतं.

पण माझं मत स्पष्ट आहे, ते तीन महिने हा मुद्दाच नाहीये. मुद्दा आहे ऑर्डरच्या शेवटच्या वाक्याचा. शिक्षा एकत्र भोगायची की पाठोपाठ? कायदा असं म्हणतो की आधीच शिक्षा भोगत असलेल्या माणसाला नवीन शिक्षा झाली तर ती जुनी संपल्यावर सुरू होते, कोर्टानं दोन्ही एकत्र चालतील असं लिहिलं नसेल तर. बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ४६७, जुनं सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, ४२७. जन्मठेपवाल्याचं वेगळं, त्याची नवीन शिक्षा जन्मठेपेबरोबरच चालते. बाकीच्यांनी मात्र वकिलाला सांगून तेवढी एक ओळ मागून घ्यायची, तोंडी नाही, अर्जात. कारण कोणी मागितलं नाही आणि जज साहेबांनी लिहिलं नाही, तर जेल ऑफिस पाठोपाठच मोजणार, त्यांचा काय दोष.

आणि उशीर खरोखर कारणानं झाला असेल, आई ससूनला ॲडमिट होती, स्वतःचं ऑपरेशन होतं, तर डिस्चार्ज कार्ड, केस पेपर, रजा वाढवून मिळावी म्हणून केलेल्या अर्जाची पोच, हे सगळं प्लीच्या आधी वकिलाच्या हातात पाहिजे. स्वतःहून हजर झालेला आणि पोलिसांनी पकडून आणलेला यात कोर्ट फरक करतं, आणि तो करायलाही हवा.

वकिलाचे पैसे नाहीत? कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यात उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जेलमधूनच विधी सेवा प्राधिकरणाला अर्ज करता येतो, नाहीतर घरच्यांनी शिवाजीनगर कोर्टातल्या त्यांच्या ऑफिसला जायचं.

आता नातेवाईकांनो, तुमच्यासाठी. मुलाखतीला जाताना चपलेत सिम, डब्यात तंबाखूची पुडी, हे धंदे नका करू. त्याच कारागृह कायद्याचं कलम ४२ बाहेरच्या माणसाला लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोनशे ऐकून हसू येतं ना, १८९४ चे दोनशे आहेत ते. पण पुडीत गांजा निघाला तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, लागतो आणि मग हसायचं काम राहत नाही.

शेवटचं एक. गुन्हा कबूल करून शिक्षा झाली की अपिलात "मी केलंच नव्हतं" म्हणता येत नाही, फक्त शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदेशीर आहे एवढंच मांडता येतं. अपील सेशन्स कोर्टात, ३० दिवसांत. कैदेची शिक्षा झाली असेल तर निकालाची नक्कल फुकट मिळते, ती त्याच दिवशी मागा, आणि सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर) टाकून ई-कोर्ट्सच्या ॲपवर ऑर्डरमध्ये ती एकत्रवाली ओळ आली आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नसेल तर त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.