कोपराआडचा रस्ता : मोटारसायकलवरील ब्लाइंड स्पॉट आरसे

(दृश्य : अटल पुलाचा मनीषा चोकडीकडील उतार. सकाळची कामावर जाण्याची वेळ.)

वडोदऱ्यात गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंत गेलेला अटल पूल सुमारे साडेतीन किलोमीटर लांब असून डिसेंबर 2022मध्ये तो वाहतुकीसाठी खुला झाला. पुलावर असेपर्यंत मोटारसायकलस्वाराला फारसे काही सांभाळावे लागत नाही. प्रश्न सुरू होतो तो उतार संपतो तिथे. पुलावरून उतरणारी वाहने आणि खालच्या रस्त्याने आलेल्या रिक्षा, मोपेड व मोटारी तिथे एकत्र मिसळतात आणि ज्याला पुढे डावीकडे वळायचे आहे त्याला तिरक्या दिशेने येणाऱ्या या गर्दीत आपली जागा करून घ्यावी लागते. त्या क्षणी डाव्या आरशात रस्ता मोकळा दिसतो, समोर पाहणाऱ्या डोळ्यांच्या कडेलाही काही हालत नाही, आणि तरीही मागच्या चाकापासून थोड्याच अंतरावर एखादी रिक्षा बरोबरीने चालत असू शकते.

आरशालाही दिसत नाही आणि डोळ्यालाही दिसत नाही, असा हा पट्टा म्हणजे ब्लाइंड स्पॉट. भरधाव वेगाने पुढे निघून जाणारे वाहन या पट्ट्यात फार वेळ राहत नाही. स्वाराचा वेग ताशी 40 किलोमीटर आणि मागून येणाऱ्या मोटारीचा 60 असेल, तर ती दर सेकंदाला साडेपाच मीटरने पुढे सरकते आणि पाहता पाहता नजरेच्या टप्प्यात येते. खरा धोका असतो तो आपल्याइतक्याच वेगाने चालणाऱ्या वाहनाचा. रावपुऱ्यातून किंवा पाणीगेटच्या रस्त्याने जाताना रिक्षा आणि मोटारसायकल यांचे वेग जवळजवळ सारखे असतात, म्हणून ती रिक्षा एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत त्या अदृश्य पट्ट्यातच राहू शकते.

मोटारीत अशी आड येणारी गोष्ट म्हणजे छताला आधार देणारे खांब आणि मागच्या सीटची पाठ. मोटारसायकलला खांब नाहीत, छत नाही, तरीही तिच्यावर दृष्टी अडते, कारण तिथे आड येतो तो चालवणारा स्वतः. दुचाकींच्या आरशांसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या 81 क्रमांकाच्या नियमावलीत आरशाचा मध्य वाहनाच्या मध्यरेषेपासून किमान 280 मिलिमीटर बाहेर असावा, असे म्हटले आहे. हँडल धरून बसलेल्या प्रौढ माणसाची कोपरे साधारण तेवढीच, आणि रुंद हँडलबार असेल तर त्याहूनही बाहेर येतात. त्यामुळे बहुतेक आरशांच्या आतल्या बाजूच्या भागात रस्त्याऐवजी शर्टाची बाही दिसते. आरसे निवडण्याचा आणि बसवण्याचा सगळा विचार या बाहीपासून सुरू झाला पाहिजे, असे आमचे मत आहे. बाजारात मात्र तो आरशाच्या आकारापासून आणि रंगापासून सुरू होतो.

(दृश्य : दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याचे अंगण. जमिनीवर खडूने आखलेल्या रेघा. मोटारसायकलवर मकरपुऱ्याच्या कारखान्यात कामाला जाणारा तरुण, मागे उभे त्याचे वडील.)

आपला अदृश्य पट्टा नेमका किती मोठा आहे, हे कोणालाही घरच्या अंगणात पाहता येते. स्वाराने हेल्मेट घालून नेहमीसारखे बसावे आणि मान सरळ ठेवावी. दुसऱ्या व्यक्तीने बरेच मागून निघून, शेजारच्या वाहनाची जागा जिथे असेल त्या रेघेवरून हळूहळू पुढे चालत यावे. वडील चालू लागतात आणि विचारतात, "दिसतोय का रे मी?" मुलगा उत्तर देतो, "दिसताय, बाबा." आणखी काही पावलांनी आरशाच्या कडेतून त्यांची आकृती निसटते. तिथे खडूने खूण केली जाते. वडील चालतच राहतात आणि जेव्हा ते मुलाला आरशाशिवाय, डोळ्याच्या कडेने दिसू लागतात, तेव्हा दुसरी खूण होते. या दोन खुणांमधल्या जागेत मोपेड सहज मावते. मुख्य आरसे चुकीच्या कोनात असतील तर रिक्षाही मावते.

म्हणून मुख्य आरशावर चिकटवायचा छोटा ब्लाइंड स्पॉट आरसा विकत घेण्याआधी मुख्य आरसे योग्य कोनात लावून घ्यावेत. गाडी साइड स्टँडवर असताना ती डावीकडे झुकलेली असते आणि डबल स्टँडवर असताना मागचा भाग उचललेला असतो. दोन्ही स्थितींत लावलेला आरसा रस्त्यावर चुकीचे दाखवतो. गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी असावी, स्वार तिच्यावर बसलेला असावा आणि रोज मागे कोणी बसत असेल तर तीही व्यक्ती बसलेली असावी, कारण तिच्या वजनाने मागचे शॉकअब्सॉर्बर दबतात आणि आरशात दूरच्या रस्त्याच्या जागी जवळचे डांबर येते. क्षितिजाची रेघ आरशाच्या मध्यावर किंवा किंचित वर ठेवावी. आतल्या कडेला बाहीची अगदी बारीक पट्टी दिसू द्यावी, म्हणजे आपण नेमके कुठे पाहतो आहोत याचा अंदाज राहतो. त्याहून अधिक बाही दिसत असेल तर तेवढा आरसा वाया गेला, असे समजावे. या एवढ्या कामाने वडिलांच्या दोन खुणांमधले अंतर पुष्कळ कमी झाले.

आता आरशाच्या काचेकडे वळू. सपाट आरशात वस्तूंचे अंतर खरे दिसते, पण दृष्टीचे क्षेत्र अरुंद असते. बहिर्वक्र आरशात क्षेत्र रुंदावते आणि प्रतिमा लहान होते. 94 मिलिमीटर व्यासाचा आरसा डोळ्यापासून 60 सेंटिमीटरवर असेल, तर सपाट काचेतून मागचा सुमारे 9 अंशांचा भाग दिसतो. तीच काच 1,200 मिलिमीटर वक्रता त्रिज्येची असेल तर 18 अंश दिसतात. संयुक्त राष्ट्रांच्या वर सांगितलेल्या नियमावलीत दुचाकीच्या आरशाची वक्रता त्रिज्या 1,000 ते 1,500 मिलिमीटरच्या दरम्यान ठेवण्यास सांगितली आहे. त्रिज्या जितकी लहान तितकी काच अधिक फुगीर. चिकटवायच्या छोट्या आरशांची त्रिज्या याहून कितीतरी लहान असते. ती 200 मिलिमीटर धरली, तर 50 मिलिमीटर व्यासाच्या छोट्या आरशातून सुमारे 33 अंशांचा भाग दिसतो.

या रुंदीची किंमत कोणत्या रूपात द्यावी लागते, तेही पाहू. पावणेदोन मीटरहून थोडी कमी रुंद मोटार 12 मीटर मागे आहे. सपाट आरशाच्या काचेवर तिची रुंदी सुमारे 8 सेंटिमीटर भरते, मुख्य बहिर्वक्र आरशात 4 सेंटिमीटर आणि छोट्या आरशात जेमतेम 12 मिलिमीटर. मोटारीच्या जागी 24 मीटर मागे असलेली मोटारसायकल घेतली, तर छोट्या आरशात ती तिळाएवढी, म्हणजे 3 मिलिमीटरहूनही कमी रुंद दिसते. हेल्मेटच्या काचेतून, हलत्या हँडलवरच्या आरशात, या तिळाचे अंतर किंवा वेग ओळखणे कोणालाही शक्य नाही. मात्र तीन मीटरवर बरोबरीने चालणारी रिक्षा याच छोट्या आरशाचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापते. त्यामुळे या आरशाला एकच प्रश्न विचारता येतो : शेजारी कोणी आहे का? ते किती दूर आहे आणि किती वेगाने येत आहे, हे प्रश्न मुख्य आरशाचे आहेत. अनेक स्वार छोट्या आरशातल्या बारीक प्रतिमेवरून "अजून लांब आहे" असे ठरवून वळतात, आणि तिथे हा आरसा उपयोगी पडण्याऐवजी घात करतो.

(दृश्य : मुख्य आरशावर वेगवेगळ्या जागी धरून पाहिलेला छोटा गोल आरसा.)

आकाराचा निर्णयही याच हिशेबाने घ्यावा. 94 मिलिमीटर व्यासाच्या मुख्य आरशाचे क्षेत्रफळ सुमारे 69 चौरस सेंटिमीटर असते. त्यावर दोन इंची आरसा चिकटवला तर जवळजवळ तीन दशांश काच झाकली जाते. सव्वा इंची आरसा चिकटवला तर एक अष्टमांशाहूनही कमी. मोटारीच्या प्रशस्त आरशासाठी बनवलेला दोन इंची आरसा मोटारसायकलवर लावणे म्हणजे अंतर दाखवणारी काच झाकून अंतर न दाखवणारी काच वाढवणे होय. लांबट, मोठ्या आरशाची गाडी असेल तर दोन इंची चालेल. लहान गोल आरसे असलेल्या गाडीला सव्वा ते दीड इंचापेक्षा मोठा घेऊ नये.

जागेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात लावलेला आरसा छान दिसतो आणि त्याला बाहीचा अडथळाही होत नाही, परंतु शेजारून येणारी वाहने मुख्य आरशात त्याच भागात दिसतात, म्हणजे तो सर्वांत मोलाची जागा अडवतो. आतल्या खालच्या कोपऱ्यात मुख्य आरशाचे काहीच नुकसान होत नाही, कारण तिथे बाही किंवा जवळचे डांबरच दिसते. मात्र न वळणारा छोटा आरसा तिथे लावला तर त्याच्याही अर्ध्या भागात बाहीच दिसते. म्हणून न वळणारा आरसा असेल तर तो बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात लावावा. आपली शिफारस मात्र बॉलवर फिरणाऱ्या आरशाची आहे, जो आतल्या खालच्या कोपऱ्यात लावून बाहेरच्या दिशेने वळवता येतो. आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो, म्हणून 10 अंशांचा हलका कल दिला तरी दृष्टी 20 अंशांनी बाहेर सरकते आणि बाही जवळजवळ नाहीशी होते. वडिलांना पुन्हा त्या दोन खुणांमध्ये उभे करून हा कल ठरवावा. रस्त्यावर जाऊन अंदाजाने ठरवू नये. मुख्य आरशातून त्यांची आकृती सुटण्याआधीच ती छोट्या आरशात आली पाहिजे आणि छोट्यातून सुटण्याआधी डोळ्याच्या कडेला दिसली पाहिजे.

आरशाच्या दांड्याला जोडून जरा बाहेर नेणारा तुकडा मिळतो, तोही या बाहीवरचाच उपाय आहे आणि बऱ्याच वेळा छोट्या आरशापेक्षा चांगला. हँडलच्या टोकाला लावायचे आरसे कोपराच्या पूर्ण बाहेर जातात, पण ते खाली असल्याने नजर रस्त्यावरून अधिक खाली न्यावी लागते, आणि मांडवीभोवतीच्या जुन्या शहराच्या चारही दरवाजांच्या आतल्या गल्ल्यांमध्ये तेवढी वाढलेली रुंदी पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी हातगाडीला लागते. आरसा काढताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी : यामाहाच्या अनेक गाड्यांमध्ये उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, जेणेकरून समोरून धक्का बसल्यास आरसा आवळला न जाता सैल व्हावा. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर आटे खराब होतात.

एकच छोटा आरसा घ्यायचा असेल तर तो उजवीकडे लावावा, असे आम्हाला वाटते. दुभाजकातल्या फटीतून उजवीकडे वळताना मागून येणारे वाहन बहुधा वेगवान असते. पुलाच्या उतारावरची डावीकडची अडचण मान किंचित वळवून सोडवता येते, कारण तिथे वेग कमी असतो. अर्थात मान वळवायचीच आहे. छोटा आरसा असला तरीही. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाताना सेकंदभर मागे पाहणे म्हणजे समोर न पाहता 11 मीटर जाणे होय, म्हणून आधी आरसे, मग समोर, मग खांद्यावरून झरकन एक कटाक्ष, असा क्रम ठेवावा. अहमदाबाद–वडोदरा द्रुतगती मार्गावर दुचाकींना परवानगी नाही, त्यामुळे जुन्या महामार्गावर ट्रकांच्या रांगेतून जावे लागते. तिथे हा क्रम चुकवून चालत नाही.

(दृश्य : जानेवारीतील बाजार. हँडलवर बसवलेल्या, पतंगाच्या दोऱ्यापासून वाचवणाऱ्या वाकवलेल्या सळया.)

उत्तरायणाच्या, म्हणजे मकरसंक्रांतीच्या, दिवसांत गळ्याला दोरा लागू नये म्हणून हँडलवर धातूची कमान बसवली जाते. ती आवश्यक आहे, पण अनेकदा ती आरशाच्या दांड्याच्या नटाखालीच अडकवली जाते आणि नट सोडताना आरशाचा कोन बिघडतो. कमान लावताना आणि काढताना, दोन्ही वेळा खडूचा प्रयोग पुन्हा करावा. एका सिलिंडरच्या इंजिनाने हँडल ठरावीक वेगाला थरथरते आणि सैल दांड्यावरच्या छोट्या आरशातील प्रतिमा पुसट होते, म्हणून दांडा जागेवर धरणारा चेकनटही त्याच वेळी पान्याने घट्ट करावा.

छोटा आरसा शक्यतो काचेचा घ्यावा. स्वस्त प्लॅस्टिकमध्ये प्रतिमा वेडीवाकडी होते. दुकानातच त्यात ट्यूबलाइट पाहून आरसा हळूहळू फिरवला की सरळ रेघ कुठे मोडते ते कळते. कड नसलेला आरसा पावसाळ्यात बरा, कारण कडेशी पाणी साचत नाही. निळसर काच रात्री मागच्या दिव्यांचा झोत कमी करते, पण पावसाळी संध्याकाळी तिच्यात फारसे काही दिसत नाही. चिकटवण्यापूर्वी मुख्य काच स्पिरिटने पुसावी, आरसा काही सेकंद दाबून धरावा आणि लगेच गाडी धुऊ नये. आरशामागच्या, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या ऍक्रिलिक फोम टेपची पकड नेहमीच्या तापमानात वीस मिनिटांत साधारण निम्मी आणि 24 तासांत नव्वद टक्के होते. पूर्ण पकडीला 72 तास लागतात. म्हणून आरसा शनिवारी संध्याकाळी लावून रविवारी गाडी घरीच ठेवणे सोयीचे. टेपची एक कड सुटलेली दिसली तर आरसा पुन्हा दाबून बसवू नये. तो काढून, जुना फोम खरवडून, नवी टेप लावावी.