तरुणांचं मत नक्की कोण ठरवतं?

नमस्कार मंडळी!

पुण्यातल्या पेठांमधल्या कुठल्याही अभ्यासिकेत मतदानाच्या आदल्या दिवशी जाऊन बसा. पोरांचे फोन वाजायला लागतात. आधी आई, मग चुलते. "रात्री आठला स्वारगेटवरनं गाडी हाय. गावातली पाच-सहा पोरं हायती, तू बी ये." संपला फोन. पक्ष नाही, जाहीरनामा नाही. आता उमेदवाराने मतदारांना फुकट गाडी पुरवणं हे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार भ्रष्ट आचरण आहे. पण गाडी कोणाची, हे विचारतंय कोण?

आपण चर्चा करतो ती तरुण कोणाला मत देतात याची. माझं म्हणणं असं, की नात्याचा पहिला जोर त्याच्याही आधी लागतो. मतदानाला जायचं की नाही, इथेच.

डेन्मार्कमध्ये संशोधकांनी मतदानाच्या नोंदी तपासल्या. तिथे १८ वर्षांची मुलं १९-२० वर्षांच्या मुलांपेक्षा जास्त मतदान करतात. वय वाढलं की समज वाढते म्हणतात ना? मग हे उलटं कसं? तर १८ व्या वर्षी मुलं आईबाबांकडे राहतात. घर सुटलं की आईबाबांचा प्रभाव ओसरतो आणि मित्रांचा वाढतो. मित्रच मतदानाला जात नसतील, तर हाही जात नाही.

मित्रांची ही ताकद फेसबुकवरही मोजली गेली. २ नोव्हेंबर २०१०, अमेरिकेतली निवडणूक. सुमारे ६ कोटी लोकांना "आज मतदान आहे" असा संदेश दिसला, आणि त्याखाली "मी मतदान केलं" म्हणणाऱ्या मित्रांचे छोटे फोटो. काहींना मात्र नुसताच संदेश दाखवला, फोटो नाहीत. नंतर मतदानाच्या सरकारी नोंदींशी ताडून पाहिलं, तर नुसत्या संदेशाने काहीच फरक पडला नव्हता. फोटोंमुळे मात्र सुमारे ३ लाख ४० हजार मतं वाढली असावीत, असा अंदाज निघाला. त्यातली बरीचशी जवळच्या मित्रांच्या साखळीतून आली. नुसत्या ओळखीपाळखीचा उपयोग नाही, दोस्तच पाहिजे.

बरं, मग 'कोणाला' हे नात्याने ठरतच नाही का? ठरतं की. पण दोन्हीकडे नातंच असलं तर? २०२४ ची बारामती घ्या. लोकसभेला नणंद विरुद्ध भावजय, सुप्रिया सुळे निवडून आल्या. विधानसभेला काका विरुद्ध पुतण्या, अजित पवार निवडून आले. "लोकसभेला ताई, विधानसभेला दादा" हे तिथे उघड बोललं जात होतं. लोकांनी नातं तोडलं नाही, वाटून घेतलं!

ग्रामपंचायतीला ही सोय नसते. वॉर्डात मतं काही शे, आणि पॅनेलवाल्यांकडे भावकीनुसार याद्या तयार. मत गुप्त असतं, मान्य. लोकसभा-विधानसभेला, मत कोणाला गेलं हे दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ७ सेकंद दिसते, तीही फक्त तुम्हाला. पण त्याच निवडणुकांचा निकाल फॉर्म २० मध्ये बूथनिहाय छापून येतो. म्हणजे तुम्ही एकटे झाकलेले, पण तुमची वस्ती उघडी. "तुमच्या वस्तीवरनं एवढीच?" हा प्रश्न चुलत्याला पारावर ऐकावा लागतो, आणि त्याचा राग पोरावर निघतो. अनेक बूथची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र निवडणूक आयोगाने सुचवलं होतं. सरकारने ते मान्य केलं नाही. मला विचाराल तर तरुणांना मोकळेपणाने मत देता यावं म्हणून, शंभर जनजागृती फेऱ्यांपेक्षा ते यंत्र जास्त कामाचं होतं.

तोवर एक प्रयोग करा. शिक्षणासाठी शहरात राहत असाल तर फॉर्म ८ भरून मतदार यादीतलं नाव इकडे आणता येतं. भरू नका लगेच, आधी घरी फोनवर नुसता विषय काढा. समोरून पहिलं वाक्य काय येतं ते कमेंटमध्ये लिहा. माझी पैज आहे, "आपलं एक मत कमी होईल" हेच येणार.