फाइल आली, अक्षरं कुठं गेली?

नमस्कार श्रोतेहो.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून घरोघरी एक काम निघालंय. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. आपल्या हॉलच्या कोपऱ्यातल्या डब्यात ते कुठून असणार? मग कुणी नवा लॅपटॉप आणला, कुणाच्या पुतण्यानं जुन्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स, म्हणजे लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू, टाकून दिलं. आता जुन्या हार्डडिस्कवरच्या फायली इकडं आणायच्या कशा, हे दोघांनाही सोडवायचंय.

काम अवघड नाही, म्हणून भरभर सांगतो. डिस्क काढायची, डिस्क यूएसबीला जोडणारी साटा-यूएसबीची केबल आणायची, जोडायची. लॅपटॉपमधली लहान डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपमधली मोठी चालत नाही, तिला स्वतःचा अडॅप्टर लागतो. तो नसला की डिस्क दिसतच नाही आणि आपण ती मेली म्हणून मोकळे होतो. फारच जुनी, रुंद पट्टीची केबल असलेली डिस्क असेल, तर दुकानात आयडीईची केबल मागा. फायली असतात सी ड्राइव्हवरच्या यूजर्स फोल्डरात, तुमच्या नावाखाली. एक्सपीच्या जमान्यातलं मशीन असेल तर डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमध्ये. परवानगी नाही अशी पाटी आली तर घाबरायचं नाही. ते फोल्डर जुन्या खात्याच्या नावावर आहे, एवढाच तिचा अर्थ. कंटिन्यू दाबा आणि चहा ठेवा, वेळ लागतो.

लिनक्सवाल्यांनो, तुमचं लिनक्स विंडोजची डिस्क वाचतं. फक्त एक आहे. हल्लीचं विंडोज शट डाउन केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे पुरतं बंद होत नाही, आणि मग लिनक्स ती डिस्क उघडायला कुरकुर करतं. म्हणून विंडोज शेवटचं बंद करताना शिफ्टची कळ दाबून धरा आणि शट डाउन करा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, लावलेलं असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा.

आणि कॉपी करायचं, कट नाही. पुन्हा सांगतो. कॉपी. कट नाही. मध्येच वीज गेली तर कॉपीत काही जात नाही. मूळ जुन्या डिस्कवर तसंच असतं.

डेस्कटॉपवर न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, न्यू फोल्डर सात असा पसारा ठेवणाऱ्यांबद्दल मला बरंच बोलायचंय, पण ते आज नको. आज मला जुन्नरकडच्या एका निवृत्त गुरुजींची गोष्ट सांगायचीय.

मी तालुक्याच्या गावी एका डीटीपीच्या दुकानात बसलो होतो, कार्यक्रमाची पत्रिका छापून घ्यायला. लग्नसराईचे दिवस, तिथं अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंच्या टेबलावर पत्रिकांचा ढीग. तेवढ्यात गुरुजी आले. काखेत नवा लॅपटॉप, तोही टॉवेलात गुंडाळलेला.

गुरुजींची आई जात्यावर ओव्या म्हणायची. गुरुजींनी त्या एका वहीत उतरवून घेतल्या होत्या. पुढं शाळेत संगणक आला, तेव्हा कारकुनाकडून त्या टाइप करून घेतल्या. वही कुणीतरी वाचायला नेली आणि वाचायला नेलेल्या वहीचं जे होतं तेच झालं. वाचायला वही देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. झेरॉक्स द्यावी. असो. तर ओव्या उरल्या त्या संगणकात.

दिवाळीला चिरंजीव आले. त्यांनी सगळ्या फायली नव्या लॅपटॉपवर घेतल्या, अगदी नीट, आणि जुना डबा भंगारवाल्याला दिला. गुरुजींनी ओव्यांची फाइल उघडली, तर मराठीचा एक शब्द नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, मध्येच अर्धविराम, मध्येच कंस. चिरंजीव म्हणाले व्हायरस. शेजारचा मुलगा म्हणाला फाइल करप्ट झाली. कुणीतरी सल्ला दिला की भंगारवाल्याला गाठा, डिस्क परत घ्या.

गुरुजींनी लॅपटॉप ताईंसमोर ठेवला. "ताई, यातलं काही निघेल का हो?"

ताईंनी पत्रिकेवरून नजर काढली, स्क्रीनकडं पाहिलं आणि सरळ वाचायला लागल्या. आय, एफ, जी, वाय, एच. "पहिली." पुढं व्ही, के, एस, ओ, एच. "ओवी." मग अक्षरं सांगणंही बंद झालं. आम्हाला दिसत होता इंग्रजीचा कचरा आणि ताई त्यातून जात्यावरची ओवी वाचत होत्या, वाणसामानाची यादी वाचावी तशी.

गुरुजी खुर्चीत टेकले. दुसऱ्या ओवीपासून तेही पुटपुटू लागले. एके ठिकाणी दोघांचं जुळेना. ताईंनी "होते" वाचलं.

"व्हतं," गुरुजी म्हणाले. "आई व्हतं म्हणायची."

"इथं होतेच आहे, गुरुजी."

"मग कारकुनानं सुधारलं असणार! इतकी वर्षं माझ्या ध्यानातच आलं नाही."

फाइल वाचता येते की नाही याची पंचाईत घेऊन आलेले गुरुजी आता त्यातलं शुद्धलेखन अशुद्ध करून मागत होते.

ताईंनी वर फॉन्टच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलेलं होतं, कृतिदेव ०१०. आपल्या मशीनवरून तो फॉन्ट पेनड्राइव्हवर घेतला, लॅपटॉपवर इन्स्टॉल केला, वर्ड बंद करून पुन्हा उघडलं. पानभर मराठी.

"एवढंच?" गुरुजींनी विचारलं.

"एवढंच," ताई म्हणाल्या आणि त्यांनी प्रिंटचे पैसे घेतले. वाचल्याचे नाही.

मराठीत दर महिन्याला केवढी पुस्तकं निघतात. मुखपृष्ठ कुणाचं ते छापतात, मुद्रितशोधन कुणी केलं तेही कधीकधी छापतात. अक्षरजुळणी करणाऱ्या या बायकांची नावं किती पुस्तकांत असतात? जाऊ द्या, विषय फायलींचा आहे.

तर झालं होतं काय? युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षर तेच राहावं म्हणून प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या क्रमांकांच्या यादीत, देवनागरी १९९१ पासून आहे. पण आपल्याकडच्या साध्या संगणकांवर ती पोचली विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर, मंगल फॉन्टच्या रूपानं, आणि एक्सपीतसुद्धा ती मुद्दाम चालू करावी लागायची. छपाईची पानं लावायच्या पेजमेकरला तर ती झेपतच नव्हती. म्हणून लोक वापरायचे पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम आणि त्यातले सुरेख, योगेश हे फॉन्ट, आणि टाइपरायटरवर हात बसलेल्यांसाठी कृतिदेव. कृतिदेवात आतमध्ये असतं इंग्रजीच, फॉन्ट त्या जागी देवनागरीचं चित्र काढतो. आय म्हणजे प. एफ म्हणजे पहिली वेलांटी. जी म्हणजे ह. वेलांटी ह च्या आधी, कारण टाइपरायटरवर ती आधीच मारायची. म्हणजे बहुरूप्यासारखं आहे हे, फॉन्ट काढून घेतला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. श्रीलिपीची बाराखडी वेगळी, सुरेखची आणखी वेगळी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा फॉन्ट चालत नाही.

म्हणून फायली हलवताना सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स हे फोल्डरही कॉपी करून ठेवा. फायलींबरोबर फॉन्ट. पुन्हा सांगतो, फायलींबरोबर फॉन्ट. लिनक्सवर गेलात तरी कृतिदेवसारखे टीटीएफ फॉन्ट तिथं चालतात, लिब्रेऑफिस या वर्डसारख्या प्रोग्राममध्ये फाइल उघडते, मांडणी थोडी हलेल इतकंच.

जुना संगणक आधीच गेला असेल तर वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक करा. फॉन्ट मशीनवर नसला तरी त्याचं नाव वरच्या चौकटीत दिसतं. मात्र तो मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून तिथंच सेव्ह करू नका, नाव जातं आणि मग ताईच शोधाव्या लागतात.

फॉन्ट मिळाला तरी काम अर्धंच झालं. ती फाइल मोबाइलवर पाठवली की पुन्हा कचराच दिसणार, आणि तिच्यात मराठी शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाही. म्हणून ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. कृतिदेवातून युनिकोडात नेणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात, श्रीलिपीसाठीही आहेत. बदलल्यावर मात्र जुन्या प्रिंटशी ताडून वाचा. रफार आणि जोडाक्षरं घोळ घालतात, कारण कृतिदेवात रफार अक्षरानंतर येतो आणि युनिकोडात आधी. सूर्य, कार्य, वर्ष असे शब्द आधी तपासा. कवितेत, ओवीत तर ओळ न् ओळ.

हे सगळं झालं, फायली नव्या जागी उघडून पाहिल्या, निदान प्रत्येक फोल्डरातल्या दोनचार पाहिल्या, की मग जुना डबा द्या कुणाला द्यायचा तो. डिस्क मात्र काढून घ्या आणि वर चिठ्ठी चिकटवा, कुणाची, कुठल्या सालची. आमच्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या डिस्कांवर ती कधीच नसते.

पुढच्या वेळी जुन्या कॅसेटमधला आवाज संगणकात कसा घ्यायचा ते पाहू. कॅसेट प्लेअर चालू स्थितीत असेल तर त्याचे सेल तेवढे आत्ताच काढून ठेवा, गळतात ते. नमस्कार.