एक प्रत मावशीच्या घरी

नमस्कार, श्रोतेहो.

२६ जुलै २००५ आठवतो? सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. आम्ही कलिन्यात तळमजल्यावर राहायचो. रात्री पाणी कपाटाच्या दुसऱ्या खणापर्यंत चढलं. तिथे आईबाबांच्या लग्नाचा अल्बम होता आणि त्याच्याच खाली निगेटिव्ह. दोन्ही गेलं. आज त्या लग्नाचे जे अकरा फोटो आमच्याकडे आहेत, ते नाशिकच्या मावशीने दिलेले. आईने कधीतरी हौसेने तिला प्रती पाठवल्या होत्या.

आता फोटो फोनमध्ये असतात. "सगळं गूगलवर आहे ना," असं घरोघरी ऐकतो. पण तिथली मोफत जागा १५ जीबी, आणि तीही मेल, फाइली आणि फोटो यांत वाटलेली. ती भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं, आणि सूचना न वाचलेल्या मेलांत पडून राहते. शिवाय फोन आणि गूगल एकमेकांशी जुळलेले असतात. गूगलच्या ॲपमधून फोटो पुसलात तर तो दोन्हीकडून जातो. कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग कायमचा संपतो. म्हणून याला मी बॅकअप म्हणत नाही.

जाणकार तीन-दोन-एक असा हिशेब सांगतात : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पहिले दोन आकडे लोक पाळतात. हार्ड डिस्क आणतात, आणि लॅपटॉपच्याच कपाटात ठेवतात! चोर आला, आग लागली, पाणी शिरलं, तर दोन्ही एकदमच जाणार.

माझं सांगणं इतकंच, की डिस्क दोन घ्या. एक घरी, दुसरी पुण्याला किंवा नाशिकला, विश्वासाच्या माणसाकडे. त्याच इमारतीत नको. गणपतीला, दिवाळीला जाणं होतंच, तेव्हा अदलाबदल करा. बाहेर जाणाऱ्या डिस्कला पासवर्डचं कुलूप घाला आणि तो पासवर्ड कागदावर लिहून घरच्या माणसाला सांगून ठेवा, नाहीतर तुमच्यामागे ती कुणालाच उघडता यायची नाही.

काम झालं की डिस्क काढून ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद केल्या. असा व्हायरस जोडून ठेवलेल्या डिस्कलाही सोडत नाही. आपल्या दमट हवेत ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. सिनेमे भरू नका, ते परत मिळतात. फोटो, आवाज, घराची कागदपत्रं आधी.

आणि अधूनमधून एखादा जुना फोटो त्या डिस्कवरून उघडून बघा. नुसतं फोल्डर दिसतंय यावर समाधान मानू नका.

यंदा गणपतीला माझी डिस्क नाशिकला जाईल. मावशीने तिच्या माळ्यावर जागा करून ठेवली आहे.