येशू आणि महंमद: तुलना कुठून सुरू करायची?

(दृश्य: ताइफचे डोंगर, उतारावरच्या बागा)

मक्केच्या पूर्वेला, डोंगरावर, ताइफ आहे. उंची सुमारे १८०० मीटर. त्यामुळे हवा गार, आणि द्राक्ष-डाळिंबांच्या बागा. इसवी सन ६१९ च्या सुमारास महंमद पैगंबर इथे आधार मागायला आले. पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब नुकतेच, पाठोपाठ वारले होते. मक्केत त्यांच्यावर हात टाकायला आता कोणी फारसं कचरणार नव्हतं. ताइफच्या म्होरक्यांनी त्यांना उडवून लावलं आणि गावातली टवाळखोर पोरं मागे सोडली. दगडांनी पाय रक्तबंबाळ झाले. कसेबसे ते एका बागेच्या भिंतीशी येऊन टेकले.

बागेचे मालक मक्केचे, विरोधकांपैकीच. पण हे हाल बघून त्यांनाही पाझर फुटला. अद्दास नावाच्या गुलामाच्या हाती त्यांनी द्राक्षांचा घड पाठवला. पैगंबरांनी अल्लाहचं नाव घेऊन खायला सुरुवात केली, तसा अद्दास चमकला. इकडची माणसं असं काही म्हणत नसत. विचारपूस झाली. अद्दास ख्रिस्ती निघाला, दूरच्या निनवे शहराचा. म्हणजे योनाच्या गावचा, पैगंबर म्हणाले. योना माझा भाऊ, तोही नबी, म्हणजे ईश्वराचा संदेष्टा, होता आणि मीही नबी आहे. अद्दासने वाकून त्यांच्या हातांचं चुंबन घेतलं. पैगंबरांच्या जुन्या अरबी चरित्रांत हा प्रसंग येतो.

जवळपास सहाशे वर्षं आधी गालीलात, म्हणजे आजच्या उत्तर इस्रायलमध्ये, लोक येशूंकडे चिन्ह, म्हणजे चमत्काराचा पुरावा, मागत होते, तेव्हा त्यांनीही याच योनाचं नाव घेतलं होतं. योनाच्या चिन्हाखेरीज दुसरं चिन्ह या पिढीला मिळणार नाही, असं ते म्हणाले होते.

(दृश्य: गालीलचा समुद्र, मग मक्केभोवतीचे उघडे डोंगर. पडद्यावर कुठेही पैगंबरांचं चित्र नाही.)

या दोघांची तुलना निघाली की एका बाजूला क्रूस आणि दुसऱ्या बाजूला तलवार ठेवली जाते आणि निकाल लावून टाकला जातो. ही तुलना मला अन्यायाची वाटते, दोघांवरही. कारण तिथे येशूंच्या शेवटच्या दिवसासमोर पैगंबरांची मदिनेतली दहा वर्षं ठेवलेली असतात. समोरासमोर ठेवायची असतील तर येशूंचे गालीलातले दिवस आणि पैगंबरांची मक्केतली तेरा वर्षं ठेवावीत. मग चित्र पार बदलतं.

येशूंचा जन्म हेरोद राजाच्या कारकिर्दीतला, आणि हेरोद वारला इसवी सनापूर्वी ४ मध्ये. म्हणजे ज्यांच्या जन्मापासून आपण सन मोजतो, ते त्या सनाच्या काही वर्षं आधीच जन्मले होते. वाढले नासरेथमध्ये, सुतारकाम करणाऱ्या घरात. महंमद पैगंबरांचा जन्म मक्केत, साधारण ५७० चा. वडील अब्दुल्ला जन्माआधीच गेलेले. सहाव्या वर्षी आई आमिना गेल्या, आठव्या वर्षी आजोबा. पुढे चुलत्यांनी सांभाळलं. अनाथाचा माल खाऊ नका, हे कुराणात पुन्हा पुन्हा येतं. ते ऐकताना हे बालपण आठवल्याशिवाय राहत नाही.

येशू सुमारे तीस वर्षांचे असताना यार्देन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेतात आणि चाळीस दिवस रानात राहतात. पैगंबर चाळिशीत, ६१० मध्ये, हिरा गुहेत एकांतात असताना पहिला साक्षात्कार होतो. ते थरथरत घरी येतात, मला पांघरूण घाला म्हणतात. खदीजा त्यांना धीर देतात आणि वरका इब्न नौफल या आपल्या चुलतभावाकडे नेतात. वरका वृद्ध, दृष्टी गेलेले, धर्माने ख्रिस्ती. मूसाकडे (मोशेकडे) आला तोच देवदूत तुमच्याकडे आला, असं ते सांगतात. लोक तुम्हाला गावाबाहेर काढतील, हेही तेच सांगतात.

झालंही तसंच. दोघांनीही दुखावलं ते गावातल्या पैसेवाल्यांना आणि मानकऱ्यांना. येशूंनी यरुशलेमच्या मंदिरातले सराफांचे चौरंग उलथून टाकले. काबागृहातल्या मूर्तींमुळे मक्केत यात्रेकरू येत आणि व्यापार चाले. एकच ईश्वर या शिकवणीने कुरैश, म्हणजे मक्केवर वर्चस्व असलेल्या टोळीच्या, पुढाऱ्यांच्या प्रतिष्ठेलाच हात घातला. दोघांभोवती पहिल्यांदा जमली ती बरीचशी साधी माणसं: तिकडे कोळी, जकातदार, आजारी बायका, इकडे बिलालसारखे गुलाम. मक्केतल्या तेरा वर्षांत पैगंबरांनी कोणावर शस्त्र उचललं नाही.

छळ वाढला तेव्हा ६१५ च्या सुमारास काही अनुयायी तांबडा समुद्र ओलांडून अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे, गेले. तिथला राजा ख्रिस्ती. कुरैशांचे वकील त्यांना परत न्यायला मागोमाग पोहोचले. भर दरबारात पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर यांनी मरियमबद्दलच्या कुराणातल्या ओळी म्हटल्या. परंपरा सांगते की राजाची दाढी आसवांनी भिजली आणि त्याने कुरैशांना रिकाम्या हाताने परत पाठवलं.

(दृश्य: रोमन रस्ता, मग मदिनेच्या खजुरीच्या बागा)

इथून पुढे दोन वाटा वेगळ्या होतात. त्यामागे स्वभावाइतकीच, माझ्या मते त्याहून जास्त, परिस्थिती आहे.

येशू जगले रोमच्या छायेत. हेरोद मेल्यावर उठाव झाले, तेव्हा वारुस या रोमन सेनानीने सुमारे २००० माणसांना क्रूसावर चढवलं, असं ज्यू इतिहासकार जोसीफस लिहितो. नासरेथपासून तासा-दीड तासाच्या चालीवरचं सेफोरिस शहर त्याच वेळी जाळलं गेलं. राज्य होतं, सैन्य होतं, शिक्षा ठरलेली होती. अशा ठिकाणी येशूंना उपदेशाला मिळाली जेमतेम एक ते तीन वर्षं. अटकेच्या रात्री शिष्याने तलवार उपसली, तर त्यांनी ती म्यान करायला लावली. रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमाने, ३० किंवा ३३ च्या सुमारास, त्यांना क्रूसावर खिळलं.

अरबस्तानात याच्या उलट. राजा नाही, शिपाई नाही, न्यायासन नाही. ज्याच्यामागे टोळी, तो सुरक्षित. ६२२ मध्ये पैगंबर मदिनेला गेले आणि तिथल्या भांडणाऱ्या टोळ्यांना एका करारात बांधायचं काम त्यांच्यावर येऊन पडलं. तेच मग न्यायाधीश, तेच सेनापती. मक्केवाल्यांशी लढाया झाल्या: ६२४ ला बद्र, ६२५ ला उहुद. उहुदला स्वतः जखमी झाले, दात तुटला. ६२७ मध्ये बनू कुरैझा या ज्यू टोळीच्या पुरुषांना ठार करण्यात आलं. या काळातला तो सर्वांत कठोर प्रसंग, त्यावर आजही वाद आहे आणि तो टाळून हे चरित्र सांगता येणार नाही. ६३० मधली मक्काही सांगायला हवी: ज्यांनी वीस वर्षं छळलं ते हातात सापडले असताना पैगंबरांनी बहुतेक सगळ्यांना माफ केलं.

राज्यकर्ता झालेला हा माणूस घरातही तसाच दिसतो, हे मला मोलाचं वाटतं. ६३२ मध्ये त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला. मुलाला कुशीत घेऊन ते रडले. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. लोक म्हणू लागले, पोराच्या जाण्याने सूर्यही झाकोळला. पैगंबरांनी त्यांना तिथेच थांबवलं: सूर्य-चंद्राला कोणाच्या जन्मामरणाने ग्रहण लागत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये, मदिनेत, पत्नी आयेशांच्या खोलीत ते वारले. त्यांचे निकटचे सहकारी उमर हे मानायलाच तयार नव्हते. मग दुसरे जवळचे सहकारी अबू बक्र लोकांसमोर आले आणि म्हणाले, जे महंमदांची पूजा करत होते त्यांनी ऐकावं, महंमद वारले. जे ईश्वराची करतात त्यांनी ऐकावं, ईश्वर जिवंत आहे.

येशूंच्या शिष्यांनी तिसऱ्या दिवशी अगदी वेगळी बातमी सांगितली: ते उठले आहेत. ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे ती याच बातमीवर. कुराण सांगतं की येशूंना मारलं गेलंच नाही, ईश्वराने त्यांना आपल्याकडे उचलून घेतलं. हा फरक खरा आहे, कोणत्याही गोड बोलण्याने तो मिटत नाही. आणि तरीही मरियमपुत्र ईसा, म्हणजे येशू, पुन्हा येणार, असं इस्लामी परंपराही मानते.