मोदिल्यानीची ती एक रेघ

नमस्कार मंडळी. आज एकाच चित्राबद्दल बोलणार आहे, इटालियन चित्रकार मोदिल्यानीचं ‘न्यू कुशे’, पहुडलेली नग्न स्त्री, १९१७-१८ सालचं. लाल कोच, निळी उशी, आणि त्यावर हात डोक्याकडे टाकून आडवी झालेली बाई. चित्र साधारण ६० बाय ९२ सेंटिमीटरचं, घरातल्या ४३ इंची टीव्हीएवढंच म्हणा ना. आणि ती त्यातही मावत नाही, हातपाय चक्क कडेला कापले गेलेत, त्यामुळे आपण तिच्या अगदी जवळ उभे आहोत असं वाटायला लागतं.

आता नग्न स्त्री रंगवणं काही नवीन नव्हतं हो. टिशियन या जुन्या इटालियन चित्रकाराने १५३८ मध्ये व्हीनस ही प्रेमदेवता रंगवली, ती फ्लॉरेन्सला आहे, आणि मोदिल्यानी १९०२ साली त्याच फ्लॉरेन्समध्ये शिकत होता. पण टिशियनकडे मागे खोली आहे, दासी आहेत, पायाशी कुत्रा झोपलाय. मोदिल्यानीने ते सगळं काढून टाकलं, देवीचं नावही नाही, फक्त ही बाई आणि तिचं अंग.

आणि इथेच बिनसलं. डिसेंबर १९१७, पॅरिस, बेर्त वेईल या बाईंच्या गॅलरीत त्याचं प्रदर्शन उघडलं, समोरच पोलीस चौकी, पोलीस म्हणाले चित्रं उतरवा. हरकत काय तर अंगावरचे केस दाखवलेत! संगमरवरी देवींना ते नसतात ना, म्हणून त्या चालायच्या. त्याच्या हयातीतलं हे त्याचं एकमेव स्वतंत्र प्रदर्शन, मला हे आठवलं की अजूनही वाईट वाटतं. १९२० च्या जानेवारीत तो गेला, अवघा ३५ वर्षांचा. हेच चित्र २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १७ कोटी डॉलरच्या वर गेलं, आणि बहुतेकांच्या लक्षात तेवढा आकडाच राहिलाय.

मला विचाराल तर खरी गोष्ट रेघेत आहे. मोदिल्यानी आधी शिल्पकार, ब्रांकुशी या शिल्पकाराच्या संगतीत दगड कोरायचा, पण क्षयाने छाती पोखरलेली, १९१४ च्या सुमारास दगड सुटला तो सुटलाच. हात मात्र शिल्पकाराचाच राहिला. चित्र फोनवर उघडा, आणि काखेपासून कमरेपर्यंत, तिथून मांडीवर, बोट फिरवत जा, सावल्या फारशा नाहीत तरी अंगाला गोलाई आलीय, ती सगळी त्या एका रेघेने आणलीय.