वेळापत्रक ॲपचं की उपचारांचं?

(स्त्रियांच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे उभ्या असलेल्यांनी पुढे या, इथे दोन रांगा रिकाम्या आहेत. केमो चालू असेल त्यांनी कडेच्या खुर्च्या घ्या, म्हणजे मध्येच उठावंसं वाटलं तर कुणाला ओलांडून जावं लागणार नाही.

समुपदेशनाच्या खोलीत मला हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो. "मॅडम, मुलीने फोनमध्ये ध्यानाचं ॲप टाकून दिलंय. रोज कर म्हणते. त्याने काही फरक पडतो का हो?" मुलगी शेजारीच बसलेली असते आणि मी 'हो' म्हणावं म्हणून माझ्याकडे बघत असते. मी 'हो' म्हणतेही. पण लगेच पुढे सांगते, की ते ॲप कंपनीच्या वेळापत्रकाने वापरू नका, तुमच्या उपचारांच्या वेळापत्रकाने वापरा. आज मला एवढंच सांगायचंय. बाकीचं बोलणं म्हणजे ते करायचं कसं, त्याचा तपशील.

आधी थोडी पार्श्वभूमी. हॉस्पिटलात ध्यान शिकवायची पद्धत रुजली ती अमेरिकेत, १९७९ साली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. पुढे कॅनडात कॅलगरीला लिंडा कार्लसन आणि मायकेल स्पेका यांनी तो कर्करोगाच्या रुग्णांसाठी बेतला. आता कुणी म्हणेल, हे तर आपलंच आहे, इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होताहेत. खरं आहे. पण आपलं आहे म्हणून ते आपल्याला आपोआप येतं, असं नाही. आणि केमो चालू असताना, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना, दहा दिवसांच्या मौन शिबिराला जायचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका.

ॲप आली ती २०१० च्या आसपास आणि त्यानंतर. 'हेडस्पेस', 'काम' (Calm), 'इनसाइट टायमर' ही त्यातली गाजलेली नावं. उत्तर कॅलिफोर्नियात कायझर पर्मनन्टेच्या रुग्णालयांत ९७ कर्करोग रुग्ण आणि त्यांची देखभाल करणारे ३१ नातेवाईक घेऊन एक छोटा अभ्यास झाला. आठ आठवडे अर्ध्यांच्या फोनवर ॲप, बाकीच्यांना नेहमीची सेवा. ॲप वापरणाऱ्या रुग्णांनी आपलं जगणं थोडं सुसह्य झाल्याचं नोंदवलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे 'ॲस्को'ने, चिंता आणि उदासी यांसाठी ध्यानाच्या या पद्धतीची शिफारस केली. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. यातलं बहुतेक संशोधन स्तनाच्या कर्करोगावरचं आहे, आपल्या आजारांवर, म्हणजे गर्भाशयमुख, अंडाशय यांच्या कर्करोगांवर, तुलनेने कमी झालंय. दुसरं, ही शिफारस मनाच्या त्रासासाठी आहे. ध्यानाने गाठ विरघळते असं कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलं, तर ते पुढे पाठवू नका.

आता तुमच्या वेळापत्रकाकडे येऊ.

पिशवीच्या तोंडाच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला साधारण पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार बाहेरून रेडिएशन असतं, आणि बऱ्याच जणींना सोबत आठवड्याला एक केमो. रेडिएशनला जाण्याआधी लघवीची पिशवी भरलेली लागते. पाणी प्यायचं आणि थांबायचं. मशीन मागे पडलं असेल तर थांबणं लांबतं. लघवी दाबून धरलीय, कान नावाच्या पुकाऱ्याकडे लागलेत, आणि ॲपमधली बाई सांगतेय, डोळे मिटा, पुढची वीस मिनिटं फक्त तुमची आहेत. कसं जमणार? अशा वेळी डोळे उघडे ठेवून करायचा दोन-तीन मिनिटांचा प्रकार निवडा. कानावर पडणारे आवाज फक्त ओळखायचे: पंखा, ट्रॉली, कुणाची तरी बांगडी. आणि ते घरूनच डाउनलोड करून आणा. रेडिएशनचा विभाग बऱ्याचदा तळघरात असतो, भिंती जाडजूड असतात, तिथे रेंज येत नाही.

मग येतं आतून द्यायचं रेडिएशन, ब्रेकीथेरपी. याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण बाया सगळ्यात जास्त घाबरतात त्या याला, आणि बोलतात सगळ्यात कमी. भूल किंवा गुंगी देऊन योनीमार्गातून गर्भाशयात नळी बसवतात. ती हलू नये म्हणून आत कापडी पट्टी भरतात, लघवीची नळी असते. मग स्कॅन होतं, डॉक्टर आणि फिजिसिस्ट किरणांच्या मात्रेचा हिशेब मांडतात, आणि तोवर तुम्ही पाठीवर, जवळजवळ न हलता पडून. प्रत्यक्ष किरण सोडायचे ते काही मिनिटंच. पण त्या मिनिटांत खोलीत तुम्ही एकट्या. दार बंद, बाकीचे बाहेरून कॅमेऱ्यात तुम्हाला बघतायत, माइकवरून बोलतायत. फोन बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. म्हणजे सगळ्यात गरज असते तेव्हाच ॲप बाहेर राहतं!

म्हणून मी म्हणते, ॲप हे तालमीसाठी आहे. ब्रेकीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत रोज एकच, तोच तो, पाच मिनिटांचा भाग ऐका. नवीन नवीन शोधत बसू नका. इतका ऐका की ती वाक्यं पाठ झाली पाहिजेत. आपल्याकडे आरत्या कुणी बसून शिकवल्या का? ऐकून ऐकून तोंडात बसल्या, तसंच. मग त्या खोलीत फोन नसला तरी आवाज तुमच्याजवळ असतो.

आत्ता करून बघू या का? मिनिटभरच. डोळे मिटायची सक्ती नाही. जबडा सैल सोडा, दातावर दात नकोत. खांदे खाली. मांड्या आवळलेल्या असतील तर सोडा. नाकाने श्वास घ्या, मनात तीनपर्यंत मोजा. आता तोंडाने हळूहळू सोडा, पाच-सहापर्यंत, गरम चहावर फुंकर घालतो तेवढ्याच जोराने. पुन्हा. मन घरच्या गॅसवर गेलं? जाऊ दे. गेलं हे कळलं, की परत या. झालं, एवढंच.

हा सावकाश सोडलेला श्वास आतल्या तपासणीच्या वेळी उपयोगी पडतो. आणि रेडिएशननंतर योनीमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर वापरायला सांगतात, तेव्हाही. हे मी माइकवरून बोलतेय म्हणून काही जणी पदराआड हसतायत, मला दिसतंय. हसा. पण डायलेटर कपाटात ठेवू नका.

अंडाशयाच्या कॅन्सरचं वेळापत्रक वेगळं. बहुतेकींना पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लाटिन ही केमोची औषधं, दर २१ दिवसांनी. पॅक्लिटॅक्सेलच्या आधी स्टिरॉइड देतात, आणि त्याने त्या रात्री झोप उडते. झोपेसाठीचं ध्यान लावून बघितलं, तरी डोळे टक्क उघडे. मग वाटतं, मला हेही जमत नाही. तुमचं काही चुकत नाहीये बाई, ते औषध आहे. त्या रात्री झोपेचा हट्ट सोडा. हलकं काहीतरी ऐका, नाटक ऐका, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगा.

याच केमोने हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. बहुतेक ॲपमध्ये एक प्रकार हमखास असतो: पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं. ज्यांचे तळवे आधीच जळतायत, त्यांचा त्रास याने वाढू शकतो. तो भाग सोडून द्या. पोटात किंवा छातीत पाणी झालं असेल आणि धाप लागत असेल, तर श्वासावर लक्ष ठेवूच नका, भीती वाढते. हाताच्या तळव्यात रुमाल धरा, त्याची वीण चाचपा, लक्ष तिथे ठेवा. आणि काही जणींच्या आयुष्यात पूर्वी असं काही घडलेलं असतं, की ओटीपोटाकडे लक्ष न्या म्हटलं की अंगावर काटा येतो. त्यांनी तिथे लक्ष न्यायलाच पाहिजे असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

हॉस्पिटलचा वास आला की केमोच्या आधीच मळमळतं, हा अनुभव किती जणींचा? बघा किती हात वर आले. यावर अंग सैल सोडायच्या सरावाचा चांगला उपयोग होतो, पण तो केमोच्या पहिल्या-दुसऱ्या फेरीपासून सुरू केला तर जास्त. मळमळ घट्ट बसल्यावर ती हटवायला वेळ लागतो.

आता ॲपच्या कटकटी. पहिली, ती साखळी. 'सलग बारा दिवस! शाब्बास!' आणि केमोनंतर तीन दिवस डोकं वर काढता आलं नाही, की 'तुमची साखळी तुटली.' आधीच जिला घरचं काही होत नाही म्हणून अपराधी वाटतंय, तिला आणखी एक नापासाचा शेरा कशाला? सेटिंगमध्ये जाऊन या सूचना बंद करा. मुलांना सांगा, करून देतील.

दुसरी, माहिती. आजाराचं नाव, पाळीची माहिती, मूड, हे सगळं ॲप विचारतं. बेटरहेल्प नावाच्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने लोकांची अशी माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी दिल्याचं प्रकरण अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये काढलं, आणि कंपनीला ७८ लाख डॉलर मोजावे लागले. तेव्हा ध्यान करायला तुमच्या कॅन्सरची स्टेज लागत नाही, ती भरू नका.

तिसरी कटकट भाषेची, आणि माझा खरा राग इथे आहे. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होते. यातल्या किती जणींना इंग्रजीतलं ध्यान कळणार? समुद्रकिनाऱ्याची कल्पना करा म्हणे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या, मराठवाड्यातून आलेल्या बाईने पहिला समुद्र बघितला तोच मुळी आजारपणात. तिला त्याने शांत का वाटावं? म्हणून माझा सल्ला असा: चांगलं मराठी ॲप सापडलं नाही, तर घरातल्या कुणीतरी सावकाश बोलून फोनच्या रेकॉर्डरवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा. मगाशी आपण जे केलं तेच शब्द. शेत डोळ्यांसमोर आणायचं असेल तर शेत, ओटा असेल तर ओटा. याला ना वर्गणी लागते ना नेट.

आणि कुठे ध्यान करायचं नाही, तेही ऐका. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, रक्तस्राव वाढला, एक पाय अचानक सुजला, दम लागला, तर सरळ हॉस्पिटल गाठा, श्वास मोजत बसू नका. दोन आठवडे सतत मन मेल्यासारखं वाटत असेल, किंवा कधीही जगणं नको वाटत असेल, तर ते ॲपचं काम नाही. आम्हाला सांगा, किंवा १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात.

चिठ्ठ्या आल्यात, दोनच घेते. पहिली: 'सासूबाई म्हणतात, कानात घालून पडून राहते, आराम चाललाय. काय सांगू?' सांगा, डॉक्टरांनी दिलंय. खोटं नाही ते, मी सांगतेय ना. नाहीतर एकदा इअरफोन काढून स्पीकरवर लावा आणि त्यांनाही बसवा. त्यांचाही जीव टांगणीला लागलेला असतो.

दुसरी चिठ्ठी कुणा गृहस्थांची दिसतेय: 'पत्नीचे उपचार पुढच्या महिन्यात संपतील. मग ॲप काढून टाकायचं का?' नको, इतक्यात नको. उपचार संपले तरी दर तीन-चार महिन्यांनी तपासणी असते, आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंतचा आठवडा केमोपेक्षा वाईट, असं कितीतरी जणी सांगतात. त्या आठवड्यासाठी ठेवा, आणि तेव्हा तुम्हीही तिच्याबरोबर बसा. फक्त वर्षाची वर्गणी आपोआप कापली जातेय का, ते आज घरी गेल्यावर बघा. जात असेल तर बंद करा, पाच-दहा मिनिटांचे फुकटचे भाग पुरतात.